‘खाऊन राहिलो’ म्हणणाऱ्यांसाठी जपानी

घरबसल्या जपानी शिकण्याचे जे सल्ले इंटरनेटवर मिळतात, ते बहुतांशी इंग्रजी बोलणाऱ्यांना उद्देशून असतात. त्यांच्या नादी लागून मीही सुरुवातीचे काही महिने, जपानीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते, याचे नवल करत बसलो. जणू मराठीत ते दुसरीकडे कुठे येते! ही भाषा मराठीतूनच शिकावी आणि नागपूरकरांनी तर नागपुरीतून, असे माझे स्पष्ट मत आहे.

‘तबेते इरु’ म्हणजे ‘खात आहे’. त्यातील ‘तबेते’ म्हणजे ‘खाऊन’ आणि ‘इरु’ म्हणजे ‘असणे’. अर्थात, ज्या ‘खाऊन राहिलो’वरून पुण्याचे नातेवाईक आजही माझी थट्टा करतात, त्याचाच हा सांगाडा. ‘तबेते मिरु’ म्हणजे ‘खाऊन बघणे’ आणि ‘शिते ओकु’ म्हणजे ‘करून ठेवणे’. बघणे आणि ठेवणे हेच त्या क्रियापदांचे मूळ अर्थही आहेत. मात्र साम्य फार ताणू नये. ‘केक्कोन शिते इरु’ म्हणजे तो लग्न करून राहिला असे नव्हे, तर त्याचे लग्न झालेले आहे.

हिरागाना आणि काताकाना या जपानीच्या दोन उच्चारानुसारी लिप्यांची प्रत्येकी 46 मूळ अक्षरे आहेत. बौद्ध भिक्षूंच्या संस्कृत अध्ययनातून आलेला त्यांचा अ, इ, उ, ए, ओ आणि पुढे क, स, त, न हा क्रम आपल्याला परका वाटत नाही. ती लिहिता येऊ लागली की उच्चार देवनागरीत टिपणे तात्काळ थांबवावे. आपल्या ‘ओ’ला ऱ्हस्व-दीर्घ भेद नाही, त्यामुळे माझ्या वहीत ‘इथे’ (ऱ्हस्व ओ) आणि ‘हायस्कूल’ (दीर्घ ओ) हे दोन्ही शब्द ‘कोको’ असेच लिहिलेले होते.

नित्योपयोगी कांजींची, म्हणजे चिनी लिपीतून आलेल्या चिन्हांची, अधिकृत यादी 2136 चिन्हांची आहे. ती क्रमाने घोकू नये. मी जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर सुटे चिन्ह नव्हे, तर अख्खा शब्द लिहितो.

जेएलपीटी या जपानी भाषेच्या प्रावीण्य परीक्षेत बोलण्याची चाचणीच नसते, त्यामुळे तोंड न उघडताही उत्तीर्ण होता येते. मी तसाच एन-4 ही खालून दुसरी पातळी उत्तीर्ण झालो. पुढे नागपूरजवळच्या कामठीतील ड्रॅगन पॅलेस या बौद्ध मंदिरात एका जपानी आजींनी चपला कुठे ठेवायच्या असे विचारले, तेव्हा मी बोट दाखवून ‘कोको’ एवढेच म्हणू शकलो, आणि तेही दीर्घ.