घोरण्यापेक्षा मधली शांतता ऐका

स्लीप अ‍ॅप्निया, म्हणजे झोपेत श्वास पुन्हा पुन्हा थांबण्याचा आजार, यावरच्या एका लेखात मुख्य लक्षण म्हणून घोरणं सांगितलंय, पण मला मधली शांतता जास्त महत्त्वाची वाटते. बाबांचं घोरणं एकदम थांबायचं, छाती-पोट हलत राहायचं पण श्वास नाही, आणि मग दचकून मोठा श्वास. आम्ही वर्षानुवर्षं त्याला गाढ झोप समजत होतो! सकाळी डोकं जड, दिवसा बसल्या बसल्या डुलकी, गोळ्या घेऊनही बीपी चढलेलं. शेवटी मोबाइलवर व्हिडिओ काढून डॉक्टरांना दाखवला आणि रात्रभराची स्लीप स्टडी, म्हणजे झोपेतल्या श्वासाची तपासणी झाली. श्वास किमान 10 सेकंद थांबला किंवा फार उथळ झाला की एक वेळ मोजतात. तासाला अशा 30 किंवा जास्त वेळा म्हणजे गंभीर. बाबांच्या 42 निघाल्या.

उपचार म्हणून सीपॅप मशीन आलं. ते मास्कमधून येणाऱ्या हवेच्या दाबाने घसा उघडा ठेवतं, आजार मुळापासून घालवत नाही, म्हणून रोज लावावं लागतं. पहिले पंधरा दिवस बाबा झोपेत मास्क काढून टाकायचे. मास्कचा आकार बदलला, हवा दमट करणारा ह्युमिडिफायर जोडला, तेव्हा कुठे जमलं. कृपया मनाने झोपेच्या गोळ्या घेऊ नका, रात्री दारू तर नकोच, घशाचे स्नायू आणखी सैल पडतात. आणि हो, हा फक्त जाड लोकांचा आजार नाही, बाबा सडपातळ आहेत. जबडा लहान किंवा मागे असला तरी हा त्रास होतो.