"मऊ गादी, घट्ट तंग, धरायला हॉर्न": सॅडलवाल्या त्या फॉरवर्डमधला एकेक मुद्दा

रायडिंगच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज जोरात फिरतोय, ट्रेलसाठी, म्हणजे डोंगररानातल्या लांब रपेटीसाठी, बेस्ट सॅडल (खोगीर) कसं निवडायचं म्हणून. ज्यांच्यापर्यंत पोचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो, त्यात पाच गोष्टी आहेत. सीट जितकी जाड आणि मऊ तितकं सॅडल आरामदायक. खाली दोन-तीन नमदे (लोकरीचे जाड थर) नाहीतर एक जेल पॅड टाकला की कुठलंही सॅडल कुठल्याही घोड्याला चालतं. तंग, म्हणजे घोड्याच्या पोटाखालून बांधायचा पट्टा, जितका आवळाल तितकं सॅडल पक्कं. नवख्याने डोळे झाकून वेस्टर्न, म्हणजे काउबॉय पद्धतीचं सॅडल घ्यावं कारण धरायला हॉर्न (पुढचा खुंट) असतो. आणि रिकीब (पाय ठेवायची कडी) पायात घट्ट बसणारी घ्या म्हणजे पाय निसटत नाही.

हे लिहिणाऱ्याचा हेतू वाईट असेल असं मला अजिबात वाटत नाही, पण यातल्या चार गोष्टींची किंमत घोड्याची पाठ मोजते आणि पाचवी माणसाच्या जिवावर बेतू शकते, म्हणून पाचवीपासूनच सुरू करतो.

रिकीब घट्ट घ्या. हे कृपया कुणीही करू नका. घोड्यावरून पडणं वाईटच, पण त्याहून कितीतरी वाईट म्हणजे पडताना पाय रिकिबीत अडकून राहणं, कारण घोडा घाबरून पळतो आणि माणूस फरफटत जातो, आणि घोड्याला मागे काहीतरी ओढलं जातंय असं वाटलं की तो आणखी जोरात पळतो. त्यामुळे रिकीब पायाला अडकवून ठेवणारी नको, वेळ आली की पाय सोडणारी हवी. बुटाच्या सगळ्यात रुंद भागापेक्षा साधारण अडीच सेंटीमीटर जास्त, म्हणजे दोन्ही बाजूंना जेमतेम एकेक बोट जागा राहिली पाहिजे. खूप मोठीही नको, कारण मग अख्खं पाऊलच आरपार जातं. म्हणून बुटाला टाच हवी, टाच असली की पाऊल पुढे सरकत नाही. ट्रेकिंगचे खोल खाचांचे शूज दिसायला दणकट असतात पण त्या खाचाच रिकिबीत अडकतात. माथेरानला गाड्यांना बंदी आहे त्यामुळे दस्तुरी नाक्यापासून कितीतरी लोक घोड्यावर बसून वर जातात, आणि त्यातले बरेचसे चपला नाहीतर सँडल घालून. तिथे घोडेवाला लगाम धरून सोबत चालत असतो, तरीसुद्धा मला ते बघवत नाही.

ज्यांच्याकडे इंग्लिश, म्हणजे हॉर्न नसलेलं हलकं सॅडल आहे त्यांनी अजून एक बघा. रिकिबीचा पट्टा ज्या लोखंडी आकड्यात अडकवतात त्याच्या टोकाला एक छोटी बिजागरीसारखी कळ असते. पट्टा निसटू नये म्हणून बरेच जण ती वर करून बंद करतात. रायडिंग करताना ती उघडीच राहू द्या, पाय अडकला आणि मागे ओढ बसली तर अख्खा पट्टा सुटून निघतो. एका बाजूला रबरी रिंग असलेल्या किंवा पुढून बंद पिंजरा असलेल्या सेफ्टी रिकिबीही मिळतात. पैसे खर्च करायचेच असतील तर मऊ गादीपेक्षा तिथे करा.

आता मऊ सीट. दुकानातल्या स्टँडवर बसून बघितलं की जाड फोमची सीट फार छान वाटते, ते खरंच आहे. पण फोम दोन तासांत दबतो आणि तुम्ही खालच्या कडक भागावर येता, वर त्या जाडीमुळे मांड्या फाकून बसावं लागतं आणि कमरेचा खुबा आणि गुडघे दुखायला लागतात. सीट आरामदायक होते ती आकारामुळे. अमेरिकन लष्कराने १८५९ साली मॅक्लेलन नावाचं सॅडल स्वीकारलं, त्याला गादी नावालाही नव्हती, लाकडी सांगाड्यावर कच्चं कातडं ताणलेलं आणि मधोमध लांब फट, ज्यातून घोड्याच्या कण्याला हवा लागायची. ते सॅडल थोड्याफार फरकाने विसाव्या शतकातही घोडदळात होतं आणि सैनिक त्यावर दिवसच्या दिवस चालायचे. ते सैनिक सुखात होते असं माझं म्हणणं नाही, पण लांबच्या पल्ल्याला काय लागतं याचा हिशोब तिथे आधी घोड्याच्या बाजूने मांडला होता.

तुम्ही बघायचं ते हे. सीटचा साइज इंचात असतो, पण इंग्लिशचं आणि वेस्टर्नचं माप वेगवेगळ्या जागेवरून घेतात, त्यामुळे इंग्लिश १७ इंची बसत असेल तर वेस्टर्न साधारण १५ ची लागते, हे माहीत नसलं की ऑनलाइन ऑर्डर चुकतेच. वेस्टर्नमध्ये बसल्यावर पोट आणि पुढचा उंचवटा यांच्यात चार बोटं जागा हवी. आणि रिकीब कुठे लटकतेय ते सगळ्यात महत्त्वाचं. ती फार पुढे असेल तर पाय पुढे जातात, माणूस खुर्चीत बसल्यासारखा मागे रेलतो, सगळा भार सॅडलच्या मागच्या भागावर म्हणजे घोड्याच्या कमरेवर येतो, आणि उतारावर घोडा अडखळला की तोल सावरायला खाली पायच नसतात. कान, खांदा, खुबा आणि टाच एका सरळ रेषेत यायला हवेत. ते जमत असेल तर सीट थोडी कडक असली तरी चालतं, वरून लोकरीचं कव्हर टाका हवं तर.

नमदे टाकून कुठलंही सॅडल चालवायचा सल्ला मला सगळ्यात जास्त खटकतो कारण तो सगळ्यात जास्त पाळला जातो. सॅडल अरुंद असेल आणि आधीच खांद्यामागे दाबत असेल, तर त्याखाली आणखी जाडी घालणं म्हणजे दंडात रुतणाऱ्या ब्लाऊजला आतून अजून एक अस्तर लावणं. दाब कमी होत नाही, वाढतो. सॅडल रुंद असेल तर एक विचारपूर्वक निवडलेला पॅड थोडीफार मदत करतो, पण दोन-तीन थर टाकले की ते एकमेकांवर सरकतात, घड्या पडतात, बसणारा आणखी वर उचलला जातो आणि सॅडल डावी-उजवीकडे डोलायला लागतं. मग ते डोलतंय म्हणून तंग आवळायचा. म्हणजे या फॉरवर्डचा दुसरा सल्ला पाळला की तिसरा आपोआप पाळावा लागतो.

सॅडल बसतंय का ते बघायला फार काही लागत नाही. घोडा सपाट जागेवर सरळ उभा करा, खाली काहीही न टाकता सॅडल थोडं पुढे ठेवा आणि केसांच्या दिशेने मागे सरकवा, एका जागी ते आपोआप थांबतं. ती त्याची जागा. पुढचा पाय उचलला की खांद्याचं पातं मागे फिरतं, त्यामुळे सॅडलचा कडक भाग त्या पात्याच्या मागेच राहायला हवा. आपल्याकडे हमखास उलट होतं, सॅडल मानेवर चढवून ठेवतात आणि मग घोडा पावलं आखडती टाकतो म्हणून त्याला टाच मारतात. मान संपते तिथला जो हाडाचा उंचवटा, विदर्स म्हणतात तो, त्याच्या आणि सॅडलच्या मधे माणूस वर बसलेला असतानाही दोन-तीन बोटं जावीत, आणि मागून बघितलं तर कण्यावरून आरपार उजेड दिसावा. मागे सॅडल शेवटच्या बरगडीच्या पुढेच संपायला हवं कारण त्यामागे भार पेलायला खाली बरगड्या नाहीत. मग पॅनलखाली, म्हणजे सॅडलच्या पाठीला टेकणाऱ्या गादीखाली, हात सपाट घालून पुढून मागे न्या. पुढे दाबलं, मधे पोकळ, मागे परत दाबलं, असं लागलं तर सॅडल पुलासारखं दोन टोकांवर उभं आहे आणि तुमचं सगळं वजन डाव्या-उजव्या मिळून त्या चार जागांवर आहे.

ओळखीतल्या एकाने विकत घेतलेली काठेवाडी घोडी बघायला गेलो होतो, गडद बदामी रंगाची, आणि विदर्सच्या दोन्ही बाजूंना रुपयाएवढे पांढऱ्या केसांचे ठिपके. विकणाऱ्याने जन्मखूण म्हणून सांगितलं होतं. दोन्ही बाजूंना बरोबर सारख्याच उंचीवर जन्मखूण नसते, तिथे दाबाने केसांची मुळं दुखावली जातात आणि नंतर येणारे केस पांढरे येतात, बहुतेक वेळा कायमचे. कण्याच्या बाजूने बोटांची टोकं हलका जोर देत फिरवली तर त्या ठिपक्यांपाशी येताच तिने पाठ खाली घातली आणि कान मागे टाकले. सारंगखेड्याच्या यात्रेत दत्तजयंतीला घोडा घ्यायला जाणाऱ्यांनी चाल, रंग, भोवरे सगळं बघावं, पण खोगीर काढायला लावून पाठीवरून बोटं फिरवल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

आणि हे एकदा बघून संपत नाही. पावसाळ्यात हिरवा चारा खाऊन घोडा भरतो, उन्हाळ्यात उतरतो, काम वाढलं की पाठीचे स्नायू बदलतात. स्टेशनरीच्या दुकानात ड्रॉइंगसाठी वाकणारी पट्टी मिळते, ती खांद्याच्या पात्यामागे पाठीवर दाबून आकार घ्या, पुठ्ठ्यावर काढून कापा, तारीख टाकून ठेवा. सॅडल बघायला जाताना तो पुठ्ठा सोबत न्या. सांगाडा नसलेलं, ट्रीलेस सॅडल घेतलं की ही कटकटच नको असंही काही जण सांगतात, पण सांगाड्याचं कामच भार पसरवायचं असतं, तो काढला की रिकिबी जिथे लटकतात तिथे दाब गोळा होऊ शकतो, आणि खालून चढताना ते गोल फिरायचीही शक्यता जास्त.

तंग. ढिला तंग धोक्याचा आहे यात वादच नाही. पण ऑस्ट्रेलियात रेसच्या घोड्यांना ट्रेडमिलवर पळवून बघितलंय, तंग जास्त आवळला की घोडे लवकर दमतात. शिवाय कोपरामागे कातडी सोलवटते ते वेगळंच. तंग टप्प्याटप्प्याने घ्यायचा असतो. आधी सॅडल जागेवर राहील इतकाच, मग घोडा थोडा चालवायचा, पुढचे दोन्ही पाय एकेक करून पुढे ओढायचे म्हणजे खाली चिमटलेली कातडी मोकळी होते, मग एखादं भोक वर, बसल्यावर परत बघायचं, आणि दहा-पंधरा मिनिटं चालून झाल्यावर पुन्हा. बरेच घोडे तंग बांधताना पोट फुगवून उभे राहतात, त्यामुळे ही शेवटची तपासणी कुणी चुकवू नये. बोटं सपाट घातली तर जातील पण जोर लावावा लागेल, इतपत.

एवढं करूनही सॅडल सतत एकाच बाजूला जात असेल तर आवळू नका, कारण शोधा. सॅडल रुंद असेल, तुम्ही एका रिकिबीवर जास्त भार देत असाल, किंवा घोडा मागच्या पायाने लंगडत असेल. हे शेवटचं कुणाच्या डोक्यातच येत नाही. इंग्लंडमध्ये घोड्यांच्या डॉक्टर सू डायसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलंय की मागच्या पायाच्या लंगडेपणामुळे सॅडल एका बाजूला सरकतं, लंगडेपणा इतका बारीक असला तरी की बसलेल्याला कळतही नाही, आणि इंजेक्शन देऊन त्या पायाचं दुखणं तात्पुरतं बंद केलं की बहुतेक घोड्यांमध्ये सरकणंही थांबलं. म्हणजे तुम्ही तंग आवळताय आणि घोडा तुम्हाला सांगतोय की पाय दुखतोय. चढणीसाठी छातीचा पट्टा, घाटाच्या उतारासाठी दुमची (सॅडलपासून शेपटीखालून जाणारा पट्टा), हे खरे उपाय, आणि दोन्ही सॅडलसोबतच विचारून घ्यावेत. दुमचीची सवय मात्र घरी लावा, शेपटीखाली पहिल्यांदाच काहीतरी आलं की शांत घोडाही उसळतो.

राहिलं वेस्टर्न. चांगलं वेस्टर्न सॅडल लांब ट्रेलला खरंच छान असतं, त्याला रुंद आधार असतो. पण हॉर्न हा दोर गुंडाळून गुरं थोपवायला बनवलेला आहे. चढावर त्याला लोंबकळलं की सॅडल एका बाजूला ओढलं जातं, आणि पुढे झुकताना तोच पोटात लागतो. आयाळ धरा, किंवा पुढे एक साधा पट्टा बांधून घ्या. वजनाचंही बघा. घोड्यावरचा एकूण भार त्याच्या वजनाच्या २० टक्क्यांच्या आत ठेवायचा, ३५० किलोचा आपला देशी घोडा धरला तर ते झाले ७० किलो. बसणारा ६० किलोचा, वेस्टर्न १६ किलो, पाणी-सामान ४ किलो, झाले ८०. हेच ६ किलोचं एन्ड्युरन्स, म्हणजे लांब पल्ल्याच्या शर्यतींचं सॅडल असतं तर बरोबर ७०. २० टक्क्यांचा आकडा हवेतून आलेला नाही, २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठाच्या अभ्यासात घोड्यांवर १५ ते ३० टक्के भार टाकून बघितला होता, २५ टक्क्यांपासून पुढे हृदयाचे ठोके आणि स्नायूंचं दुखणं वाढलेलं दिसलं. कॅलिफोर्नियात १९५५ पासून टेव्हिस कप ही घोड्यांची शर्यत होते, डोंगरातून २४ तासांत १०० मैल, वाटेत डॉक्टर घोडे तपासतात, आणि तिथे हलकी एन्ड्युरन्स सॅडल्स भरपूर दिसतात. पकड हवी म्हणून हॉर्न हवा असं वाटणाऱ्यांनी ऑस्ट्रेलियन स्टॉक सॅडल एकदा बघावं, मांडीच्या पुढे दोन उभे आधार असतात, उतारावर मांडी तिथे टेकते आणि हात लगामासाठी मोकळे राहतात.

आणि घेताना ट्रायल मागा. कानपूरला बनलेली सॅडल्स जगभर जातात, त्यांना जीआय टॅगही आहे, आपल्याकडे योग्य दरात चांगला माल मिळतो, प्रश्न फक्त मापाचा असतो. सेकंडहँड घेत असाल तर पुढची कमान दोन्ही हातांनी आत दाबून आणि बाहेर ओढून बघा, हलली किंवा आतून कट्‌ आवाज आला तर सांगाडा मोडलाय. मग ते कितीही स्वस्त असो, परत ठेवा.