‘डिझेल टाकतो, तेवढं दोन तास चालव’ हे आता बंद करा

मृगाचा पाऊस पडून वापसा आला, म्हणजे रान कामाजोगं झालं, की आमच्याकडं ज्याच्या दारात ट्रॅक्टर, त्याचा फोन थांबत नाही. सगळ्यांनाच त्याच दोन-चार दिवसात कुळवाची पाळी घालून पेरणी पाहिजे असते आणि निम्मे फोन भावकीचे नाहीतर सोयऱ्याधायऱ्यांचे. त्यातल्या बऱ्याच जणांचं एकच म्हणणं, डिझेल मी टाकतो, तू फक्त ट्रॅक्टर घेऊन ये. मला यावर स्पष्ट लिहायचंय, कारण गावोगाव पंचविशीतली पोरं कर्ज काढून ट्रॅक्टर घ्यायलेत, सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी १२ वरून ५ टक्के झाल्यावर तर अजूनच, आणि हिशोब मात्र फक्त हप्त्याचा धरायलेत. माझं म्हणणं असं, की माणूस भावकीतला असो का बाहेरचा, काम केलं तर पूर्ण भाडं घ्या आणि त्या भाड्यात जोखमीचे पैसे धरा. जमत नसल तर नाही म्हणा.

आधी पैशाचं बघू. पन्नास एचपीचं ट्रॅक्टर, नांगर, रोटाव्हेटर, ट्रॉली मिळून दहा लाखाच्या घरात जातं. ते दहा हजार तास चाललं असं धरा, म्हणजे तासाला शंभर रुपये नुसती झीज, त्यात डिझेल नाही. काळ्या रानात पलटी नांगराला एकरी दीड-दोन तास लागतात, सात-आठ लिटर डिझेल जातं, ते झालं सातशेच्या आसपास. ड्रायव्हरची मजुरी, फाळ घासतो तो, ग्रीस, मधीच एखादा बोल्ट तुटला तर तालुक्याला चक्कर. दोन हजार रुपये एकर भाव घेतला तरी हातात सात-आठशे राहतात आणि त्यातूनच बँकेचं व्याज, विमा, टायर. आता ‘फक्त डिझेल’वर गेलात तर तुम्ही त्या माणसाला पदरचे पैसे देऊन त्याचं रान नांगरून द्यायलात. पहिल्या काळात सावड होती, तू माझ्याकडं ये मी तुझ्याकडं येतो, तिथं बैल दोघांचे होते आणि कष्टही दोघांचे. इथं एकाचं दहा लाखाचं यंत्र आणि दुसऱ्याचं पाच लिटरचं कॅन, याला सावड म्हणायचं कसं?

पण मी लिहायला बसलोय ते सात-आठशे रुपयासाठी नाही.

४ एप्रिल २०२५ ला नांदेडजवळ आलेगावच्या शिवारात हळद काढायला निघालेल्या बायांना घेऊन चाललेलं ट्रॅक्टर ट्रॉलीसकट विहिरीत पडलं. वसमत तालुक्यातल्या गुंज गावच्या सात जणी गेल्या. ही बातमी आपण सगळ्यांनी वाचली, दोन दिवस हळहळलो, आणि आजही सकाळी आठला कुठल्याही फाट्यावर उभं राहा, ट्रॉलीत पंधरा-वीस बाया, मडगार्डवर दोन पोरं, चालवणारा एका हाताने फोनवर. कापूस वेचायला, सोयाबीन काढायला, हळदीला, उसाला, असंच चाललंय. विहिरीला कठडा नाही, पाऊलवाट चिखलाची, ट्रॉलीला ब्रेक नाही.

आता कायदा काय म्हणतो ते नीट ऐका. ट्रॅक्टरवर बसायची जागा एकच, चालवणाऱ्याची. ट्रॉली मालासाठी, माणसासाठी नाही. ट्रॉली हेसुद्धा कायद्यात वाहनच आहे, तिचं पासिंग, म्हणजे आरटीओची नोंदणी, वेगळं, ती पॉलिसीत दाखवलेली पाहिजे. आपल्यातले कितीतरी जण हेडचा, म्हणजे नुसत्या ट्रॅक्टरचा, विमा काढतात आणि ट्रॉली तशीच फिरवतात. पॉलिसीत ‘वापराची मर्यादा’ असा रकाना असतो, तिथं शेतीच्या कामासाठी असं लिहिलेलं असतं, तो रकाना कुणी वाचतच नाही. सुप्रीम कोर्टाने २००४ मध्ये एका केसमध्ये ट्रॉलीतून भाजी बाजारात नेणं हे शेतीकाम धरलं नाही. २००७ मध्ये ब्रिजमोहनच्या केसमध्ये वीटभट्टीसाठी माती आणणाऱ्या ट्रॉलीवरचा मजूर जखमी झाला, तिथंही विमा कंपनी जबाबदार नाही असंच ठरलं, फक्त मजूर गरीब म्हणून कोर्टाने आपला विशेष अधिकार वापरून सांगितलं की कंपनीने आधी त्याला पैसे द्यावेत आणि मग मालकाकडून वसूल करावेत.

हे ‘मालकाकडून वसूल’ म्हणजे काय ते समजून घ्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम १७४ प्रमाणे ती रक्कम कलेक्टरमार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करता येते. म्हणजे सातबाऱ्यापर्यंत गाडी येते.

ही भरपाईची रक्कम किती असते? तीस वर्षाची मजूर बाई, महिना दहा हजाराची कमाई धरली, घरात अवलंबून असलेले चार-पाच जण. वर्षाचे एक लाख वीस हजार, पुढच्या वाढीचे ४० टक्के मिळवायचे, एक चतुर्थांश तिच्या स्वतःच्या खर्चाचे वजा, उरले एक लाख सव्वीस हजार, त्याला कोर्टाने त्या वयासाठी ठरवलेल्या १७ या आकड्याने गुणायचं. एकवीस लाख बेचाळीस हजार, बाकीचे खर्च वेगळे. हे एका माणसाचं. आणि ही रक्कम तिच्या लेकरांना मिळायलाच पाहिजे, यात मला काडीचीही शंका नाही, तिची मजुरी कमी म्हणून तिचा जीव स्वस्त होत नाही. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेचे दोन लाख आहेत, पण ते खातेदाराच्या घराला. जिच्या नावावर गुंठाभर जमीन नाही तिच्या लेकरांनी जायचं कुठं? ते तुमच्याकडंच येणार, आणि बरोबरच आहे.

इथं लोक म्हणतात, आम्ही भाडं घेतलंच नव्हतं, मदत म्हणून नेलं होतं. त्याने काही फरक पडत नाही. पैसे घेतले का फुकट गेलात हे जखमी माणसाला विचारायचं कारणच नाही, ट्रॅक्टर कुणाच्या नावावर आणि चालवणारा कुणाच्या सांगण्यावरून चालवत होता एवढंच बघितलं जातं. म्हणजे उपकार केला तरी जोखीम पूर्ण तुमचीच राहिली. नुसतं नावावर असलं तरी अडकता. ट्रॅक्टर विकलं पण आरसीवर, म्हणजे नोंदणीच्या कागदावर, नाव तुमचंच राहिलं असल तर जबाबदारी नोंदणीकृत मालकाची, हे २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलंय. आणि सोळा वर्षाच्या पोराच्या हातात स्टिअरिंग देणाऱ्यांनो, अल्पवयीन सापडला तर २५ हजार दंड आणि पालकाला नाहीतर मालकाला तीन वर्षापर्यंत कैद आहे. पोरगं हुशार चालवतं हे कौतुक कोर्टात चालत नाही.

मग करायचं काय. पॉलिसी काढताना एजंटला सरळ विचारा, मी दुसऱ्याच्या रानात पैसे घेऊन काम करतो, हे यात बसतं का, आणि उत्तर व्हॉट्सॲपवर तरी लेखी घ्या. ट्रॉलीही पॉलिसीत टाका. पगारी ड्रायव्हरचं कव्हर थोड्या पैशात मिळतं ते घ्या, मागितलं तरच एजंट सांगतो. पीटीओच्या शाफ्टवरचं, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागून यंत्र फिरवणाऱ्या दांड्यावरचं, कव्हर काढून टाकायची आपल्याकडं फॅशनच झालीय, मिनिटाला ५४० फेरे मारणाऱ्या त्या शाफ्टमध्ये साडीचा पदर नाहीतर उपरण्याचं टोक गेलं तर माणूस हाक मारेपर्यंत खेळ संपलेला असतो, मळणीच्या दिवसात तर खळ्यावर लेकरंच जास्त. नांगर टाकायच्या आधी रानमालकाला बोलवून पाइपलाइन कुठून गेली ते दाखवून घ्या, दोन माणसासमोर, नाहीतर पाइप फुटल्यावर भाडं तर गेलंच वर भांडण.

आणि बाया-माणसं ट्रॉलीत नाहीत म्हणजे नाहीत. ज्याचं रान आहे त्याने ॲटो नाहीतर माणसं न्यायचं परमिट असलेली दुसरी गाडी लावावी, मालाची पिकअप नको, आणि तो खर्च गुत्त्यात, म्हणजे कामाच्या ठेक्यात, धरावा. मजुरीचा भाव वाढल म्हणून ओरडतील, ओरडू द्या.

भाव सांगताना तात्या, अप्पा, दाजी सगळ्यांना एकच सांगा. नातं ठेवायचं असल तर सोयाबीन विकेपर्यंत थांबा, उधारी वहीत लिहा, व्याज लावू नका, पण भाव कमी करू नका. गावातल्या चार-पाच ट्रॅक्टरवाल्यांनी हनुमान मंदिरात बसून पेरणीच्या आधी एकच दर ठरवला तर कुणालाच तोंड लपवायची वेळ येत नाही, आमच्याकडं यंदा तसं बोलणं चालू आहे.

तुमच्या तालुक्यात नांगरटीचा, रोट्याचा, पेरणीचा काय भाव चाललाय आणि मजूर ने-आण कशी करता, खाली लिहा. दर लिहिताना ड्रायव्हर धरून का बिगर ड्रायव्हरचा तेही लिहा.