रुग्णालयाच्या आत फोन लागलाच पाहिजे

आपल्याकडे रेंज नाही म्हटलं की पहिली मागणी होते ती नव्या टॉवरची. निवेदनं जातात, उपोषणाचे इशारे दिले जातात. वाड्यावस्त्यांसाठी ती मागणी रास्तच आहे. सिंधुदुर्गात अजूनही अशा वाड्या आहेत, जिथून सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावर, चढल्याशिवाय फोन लागत नाही. पण कुडाळ, कणकवली, सावंतवाडी या शहरांतलं दुखणं वेगळं आहे. इथे रस्त्यावर पूर्ण रेंज असते आणि इमारतीत चार पावलं आत गेलं की ती जाते. यावरचा इलाज इमारतीच्या आतच करावा लागतो. तो करता येतो. आणि निदान रुग्णालयांना तरी तो सक्तीचा असायला हवा, असं माझं ठाम मत आहे.

मी एका खाजगी रुग्णालयाच्या प्रशासनात काम करते. आत फोन लागत नाही याचा अर्थ काय होतो, ते रोज बघत आले आहे. पेशंट अतिदक्षता विभागात आणि नातेवाईक गेटबाहेर, कारण फोन तिथेच लागतो. डॉक्टरांना त्यांच्याशी बोलायचं असतं तेव्हा वॉर्डबॉय त्यांना शोधत फिरतो. सरकारी आरोग्य योजनेच्या कार्डासाठी आधारचा ओटीपी हवा असतो. तो घ्यायला नातेवाईक अंगणात जाणार, आकडे पाठ करत परत येणार, तोवर त्याची मुदत संपलेली असते. गंभीर पेशंटला गोव्यात बांबोळीच्या मोठ्या रुग्णालयात हलवायचं असेल तर तिथल्या डॉक्टरांशी बोलणं, रुग्णवाहिका ठरवणं, घरच्यांना कळवणं, सगळं फोनवर आणि सगळं एकाच वेळी चालतं. रात्री कोणी म्हातारी काऊंटरवर येऊन विचारते, "सिस्टर, हयसर फोन लागणा नाय, झिलाक सांगूक व्हया." मुलाला कळवायला तिला भर पावसात बाहेर उभं राहा असं सांगणं मला कधीच पटलं नाही.

आत रेंज का जाते, हे समजून घेण्यासारखं आहे. आपल्याकडे टॉवर बहुतेक उंचावर, सड्यावर किंवा टेकडीच्या माथ्यावर असतात आणि वस्ती खाली असते. त्यामुळे लहरी बऱ्याचदा वरून तिरक्या येतात. वर स्लॅब, आणि गळती नको म्हणून त्या स्लॅबवर पत्र्याची शेड. कोकणातल्या पावसात ती शेड घालावीच लागते, पण धातूचा पत्रा लहरींना जवळजवळ अडवूनच धरतो. चिऱ्याच्या जाड भिंती पावसाळ्यात पाणी पितात, आणि ओल्या भिंतीतून लहरी आणखी क्षीण होऊन आत येतात. दर्शनी बाजूच्या चकचकीत काचांवर धातूचा पातळ थर असतो. एक्स-रेच्या खोलीला तर शिशाचं अस्तर असतं. त्यात भर म्हणजे १ ऑक्टोबर २०२२ ला देशात ५जी सुरू झालं, त्याचा मोठा भाग ३३०० मेगाहर्ट्झच्या, म्हणजे जास्त वारंवारतेच्या, पट्ट्यात चालतो. ७०० किंवा ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी भिंतीतून जितक्या आत शिरतात, तितक्या या शिरत नाहीत. म्हणजे बाहेर वेग वाढला, तरी आत फायदा पोचेलच असं नाही.

इलाजाचं नाव स्मॉल सेल. छताला बसणारे वीतभर रुंदीचे पांढरे डबे, आणि त्यातला प्रत्येक म्हणजे कमी ताकदीचा एक स्वतंत्र टॉवरच. तो बाहेरची रेंज ओढून आणत नाही. फायबरने किंवा नेटवर्क केबलने तो थेट कंपनीच्या यंत्रणेला जोडलेला असतो. म्हणूनच बाहेर पत्रा असो की डोंगर, आतल्या फोनला फरक पडत नाही.

आमच्याकडे काम सुरू झालं ते पाहणीपासून. अभियंता हातात चाचणीचा फोन आणि इमारतीचा नकाशा घेऊन प्रत्येक खोलीत, जिन्यात, लिफ्टमध्ये फिरला आणि जागोजागी सिग्नलची ताकद टिपत गेला. ही ताकद डीबीएम या मापात मोजतात आणि आकडा उणे असतो, शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. साधारण उणे ८५ ते ९० डीबीएम असेल तर फोन व्यवस्थित चालतो, उणे ११० च्या खाली गेलं की कॉल तुटायला लागतात. आमचं तळघर आणि शस्त्रक्रिया विभागाचा मधला बोळ रेंजच्या बाबतीत पूर्ण कोरडा निघाला. मग डबे कुठे लावायचे ते ठरलं. त्यांना वेगळी वीज लागत नाही, नेटवर्कच्या केबलमधूनच मिळते, त्यामुळे भिंती फारशा फोडाव्या लागल्या नाहीत. जिथे फोडाव्या लागल्या तिथे धूळ उडू नये म्हणून कामं रात्री, विभागाविभागाने केली. एका गोष्टीवर मी अडून बसले, ती म्हणजे केबलचे ट्रे आणि स्क्रू गंजणार नाहीत असेच हवेत. समुद्रावरून येणारी खारी हवा साधं लोखंड काही पावसाळ्यांतच खाते, हे इथल्या माणसाला सांगावं लागत नाही, बाहेरून आलेल्या ठेकेदाराला मात्र सांगावं लागतं.

वीज आणि फायबर, या दोन गोष्टींवर सगळं उभं आहे. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर रायगड आणि उत्तर रत्नागिरीत किती गावं किती दिवस अंधारात आणि संपर्काबाहेर होती, ते आपण पाहिलं. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं तेव्हा आतल्या माणसांचा ठावठिकाणा लागत नव्हता. म्हणून स्मॉल सेलचा स्विच, म्हणजे सगळ्या डब्यांच्या केबल जिथे जोडतात ती पेटी, रुग्णालयाच्या यूपीएसवर आणि जनरेटरवर असलाच पाहिजे, आणि तो तळमजल्यावर ठेवायचा नाही. फायबरही शक्य असेल तर दोन वेगळ्या वाटांनी आणावं. महामार्गाच्या खोदकामात केबल तुटणं आपल्याकडे नवीन नाही.

आता बूस्टरबद्दल. बाजारात आणि ऑनलाइन स्वस्तात मिळतात, गच्चीवर अँटेना लावून आत रेंज ओढतात. परवानगीशिवाय असं यंत्र बसवणं भारतात बेकायदा आहे, आणि त्यामागे सबळ कारण आहे. बूस्टर नको तो गोंगाटही वाढवून टॉवरकडे पाठवतो, आणि मग त्या टॉवरवरच्या सगळ्यांचे कॉल तुटायला लागतात. तुमच्या लॉजमध्ये रेंज आली आणि शेजारच्या आळीत गेली, असं होतं. कृपा करून लावू नका. घरासाठी ब्रॉडबँड असेल तर वायफाय कॉलिंग हा चांगला पर्याय आहे, बहुतेक नव्या फोनमध्ये सोय असते, तेवढी सुरू करा. रुग्णालयात मात्र त्यावर भागत नाही. अर्ध्या रात्री गावाहून धावत आलेल्या माणसाच्या साध्या फोनला वायफायच नसतं.

किरणांची भीती वाटते असं अनेकांनी मला सांगितलं. आपल्या कुणाला त्रास होईल अशी ती काळजी आहे, तिला झिडकारून चालणार नाही. पण आकडे बघा. बाहेरचा टॉवर एकेका पट्ट्यावर वीस-वीस, चाळीस-चाळीस वॉटने प्रसारण करतो, आतला डबा एका वॉटच्या काही अंशाने. आपला फोनही रेंज क्षीण असली की जास्तीत जास्त जोर लावतो, साधारण ०.२ वॉटपर्यंत, आणि तो असतो कानाला. टॉवर जवळ, म्हणजे छतावर, आला की फोनला एवढा जोर लावावाच लागत नाही, बॅटरीही टिकते. शिवाय भारताने २०१२ मध्ये टॉवरच्या प्रारणांची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांशावर आणली.

खरी अडचण आहे ती वेगळीच. लहरी सरकारने कंपनीला दिलेल्या पट्ट्यातल्या, त्यामुळे स्मॉल सेल कंपनीच बसवू शकते, आणि एका कंपनीचा डबा बहुतेक वेळा तिच्याच ग्राहकांच्या कामाचा. आमच्याकडे एक कंपनी आली. दुसरीने इतक्या कमी खाटांसाठी परवडत नाही असं कळवलं. मग त्या दुसऱ्या सिमची म्हातारी पुन्हा गेटवरच. हे मला मान्य नाही. अनेक कंपन्यांनी एकाच यंत्रणेवरून सेवा देणं तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे आणि कायद्यानेही चालतं. मोठ्या मॉलमध्ये, विमानतळांवर ते होतं, कारण तिथे गिऱ्हाईक आहे. रुग्णालयात गिऱ्हाईक मोजून चालणार नाही. तिथे सगळ्या सिमना एकच सामाईक यंत्रणा असावी आणि खर्च कंपन्यांनी वाटून घ्यावा. छोट्या रुग्णालयांना आणि ग्रामीण रुग्णालयांना सरकारने हातभार लावावा.

दूरसंचार नियामक 'ट्राय'ने ऑक्टोबर २०२४ मध्ये इमारतींना डिजिटल जोडणीनुसार तारे देण्याचे नियम काढले. चांगलं पाऊल आहे. पण तारे मागायचे की नाही हे मालकाच्या इच्छेवर आहे, आणि आपल्याकडे कोणता मालक स्वतःहून मागणार? रुग्णालयांना, बाळंतपणाच्या दवाखान्यांना आणि एसटी स्थानकांना ते बंधनकारक करा, ही माझी मागणी आहे. गणपतीत चाकरमानी आले की आठवडाभर बाहेरचे टॉवरही भरून वाहतात. त्या दिवसांत आतला भार आतच उचलला गेला, तर बाहेरच्यांनाही मोकळीक मिळेल.

आणि जिल्ह्यातल्या आर्किटेक्ट, बिल्डर मंडळींना एक सांगणं. नव्या इमारतीच्या नकाशात विजेच्या वायरिंगसाठी ठेवता तशी एक उभी नळी आणि पहिल्या मजल्यावर एक कोरडी, कुलूपबंद खोली फक्त नेटवर्कसाठी दाखवा, आणि ती कुठल्याही एका कंपनीला बांधून देऊ नका. बांधताना याचा खर्च नगण्य असतो. बांधून झाल्यावर तीच गोष्ट करायला किती भिंती, किती परवानग्या आणि किती रात्री लागतात, हे मी जवळून पाहिलं आहे. कुणी दवाखाना बांधायला काढला असेल तर मला जरूर विचारा, आमच्या कामाचे नकाशे दाखवायला मी तयार आहे.