जर्नलात सगळ्यांचं उत्तर ९.८ च कसं येतं?

बारावीच्या कुठल्याही वर्गातली फिजिक्सची जर्नलं उघडून बघा. साध्या लंबकावरून गुरुत्वत्वरण काढलेलं असतं आणि उत्तरं असतात ९.७८, ९.८१, ९.८०. एवढी पोरं, एवढे वेगवेगळे हात, आणि उत्तरं इतकी जुळी की संशय यावा. पण तो कुणालाच येत नाही, कारण सगळ्यांना सगळं माहीत असतं. आधी शेवटची ओळ लिहायची आणि मग मागे मागे जात रीडिंग बसवायची. मुलांच्या भाषेत ‘टॅली करायचं’. तपासणाऱ्या सरांनीही विद्यार्थी असताना हेच केलेलं असतं.

मी फिजिक्स शिकवते, हल्ली घरीच, बडोद्याच्या दांडिया बाजारात. मुलं येतात फिजिक्सच्या नावाने, पण दप्तरातून गणित, इतिहास, व्याकरण सगळं बाहेर पडतं. एखादा अर्थशास्त्रही घेऊन येतो. त्यामुळे गेल्या काही वर्षांत माझं एक मत पक्कं झालंय, ते आज सविस्तर लिहिते. लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

मत असं की प्रयोग आखणं ही सायन्सवाल्यांची खासगी इस्टेट नाही. कुठल्याही विषयात अडलं की काम एकच असतं. काय दिसलं तर आपलं म्हणणं खोटं ठरेल ते आधी लिहून ठेवायचं, मग एका वेळी एकच गोष्ट हलवायची, आणि चूक कुठून आत शिरेल ते हात घालण्याआधी हेरायचं. शाळेत हे सोडून बाकी सगळं शिकवतात. आकृती पेन्सिलीनेच काढायची, हे मात्र अगदी ठासून शिकवतात.

लंबकाचंच घ्या. एक मीटर दोऱ्याचा लंबक एका झोक्याला सुमारे २ सेकंद घेतो. स्टॉपवॉच दाबताना आपल्या बोटाची चूक सहज ०.२ सेकंदाची होते. एकच झोका मोजला आणि २.२ सेकंद आले, तर उत्तर येतं ८.२ च्या आसपास. १.८ आले तर १२.२. म्हणजे प्रयोग जवळजवळ निकामी. तेच २० झोके मोजले तर बोटाची चूक तेवढीच राहते पण वीस जणांत वाटली जाते, आणि उत्तर ९.७ ते ९.९ मध्ये येऊन बसतं. ‘२० आंदोलने मोजा’ असं पुस्तकात लिहिलेलं असतं. वीसच का, हे विचारलं की वर्ग गप्प. मग ५०० का नको? तर तोवर हवेमुळे झोका मंदावतो, मोजणारा मध्येच एखादा आकडा खातो, आणि मुख्य म्हणजे आता खरी चूक घड्याळात राहिलेलीच नसते. ती पट्टीत गेलेली असते. दोऱ्याची लांबी गोळीच्या मध्यापर्यंत धरायची की वरच्या कडेपर्यंत, यात एक सेंटीमीटर इकडेतिकडे झाला की उत्तर एक टक्क्याने हलतं. तिथे घड्याळ कितीही भारी आणा, पैसे फुकट.

सगळ्यात मोठी चूक कुठे बसलीय ते शोधून फक्त तिच्याच मागे लागायचं, हे ज्या मुलाला एकदा कळतं तो पेपर परत मिळाल्यावरही वेगळा वागतो. गणितात गेलेले मार्क सूत्रात गेले, आकडेमोडीत गेले की प्रश्न नीट न वाचल्याने गेले, हे आधी मोजतो. एरवी सगळ्यांना एकच औषध सांगितलं जातं, ‘अजून प्रॅक्टिस कर’.

आता जर्नल-कॉपीचा दुसरा पैलू, मला फार आवडणारा. बरोबर उत्तरांवरून कॉपी पकडता येत नाही. बरोबर उत्तर कुणाचंही बरोबरच येणार. दोन जर्नलांत एकच चूक, एकाच जागी, एकाच तऱ्हेने आली की मात्र नातं उघड झालं. आपल्या बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिरात वाल्मीकी रामायणाची चिकित्सक आवृत्ती तयार झाली, सात कांडं, १९६० ते १९७५ या काळात छापली गेली. देशभरातल्या वेगवेगळ्या लिप्यांतल्या पोथ्या समोर ठेवून, ओळीला ओळ लावून. अशा कामातला पायाभूत नियम तोच आहे. दोन पोथ्यांत चांगला, जुना पाठ (म्हणजे ओळीतले शब्द) सारखा असला म्हणून काही सिद्ध होत नाही. सारखाच भ्रष्ट पाठ असला तर दोघी एकाच मूळ पोथीच्या लेकी असण्याची शक्यता दाट. आयुष्यात टेस्ट ट्यूब न धरलेल्या संस्कृत पंडितांनी वर्षानुवर्षं पुराव्याचा असा कीस काढला, आणि आमची सायन्सची मुलं रीडिंग टॅली करतात. या संस्थेवरून रोज स्कूटर दामटणाऱ्या किती जणांना आत काय झालं ते ठाऊक आहे, हा वेगळाच विषय. जाऊ दे.

माझ्याकडच्या मुलांचा लाडका प्रयोग म्हणजे सेव-उसळीचा. बडोद्यात दोन माणसं जमली की कुठली सेव-उसळ खरी यावर वाद होणारच. ‘डोळे बांधून दिली तरी ओळखेन’ म्हणणारा एक आत्या किंवा काका प्रत्येक घरात असतो. ओळखा म्हणावं. पण कसं? १९२० च्या दशकात इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेडच्या शेतकी संशोधन केंद्रात रोनाल्ड फिशरसमोर हाच पेच आला होता. एक बाई म्हणाल्या, कपात आधी दूध घातलं की आधी चहा, हे मी चवीवरून सांगते. फिशरची मांडणी अशी: आठ कप, चार असे, चार तसे, क्रम चिठ्ठ्या टाकून. आठांतून चार निवडायचे ७० प्रकार होतात, म्हणजे सगळे नुसत्या नशिबाने बरोबर यायची शक्यता ७० त एक.

आमच्याकडे वाट्या आठ. मुलांनी हिशेब केला की आत्याच्या निवडलेल्या चारांतल्या तीनच बरोबर आल्या, म्हणजे आठांपैकी सहा वाट्या जुळल्या, तरी टाळ्या वाजवायच्या नाहीत. तितकं किंवा त्याहून चांगलं नशिबाने जमायची शक्यता ७० त १७ असते, जवळजवळ चारातून एकदा. खरी मजा पुढेच. एका दुकानाची तर्री गरम आणि दुसऱ्याची गार झालेली असेल तर आत्या चव ओळखत नाहीये, तापमान ओळखतेय. कांदा एकात बारीक आणि दुसऱ्यात जाड असेल तर जीभसुद्धा लागत नाही. आणि वाट्या मांडणारा समोर उभा राहिला तर त्याचा चेहराच बोलतो. बर्लिनमध्ये हान्स नावाचा घोडा खूर आपटून गणितं सोडवायचा. १९०७ मध्ये ऑस्कर फुंग्स्टने दाखवलं की विचारणाऱ्यालाच उत्तर ठाऊक नसलं की घोडाही नापास होतो. तो माणसाची नकळत होणारी हालचाल वाचत होता. म्हणून मांडणाऱ्याने मांडायचं आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसायचं. मुलांना हा भाग कधीच विसरायला होत नाही, आणि वायवामध्ये ‘कंट्रोल म्हणजे काय’ विचारलं की त्यांना व्याख्या आठवावी लागत नाही.

भाषेतही हे जमतं म्हटलं की लोक माझ्याकडे विचित्र बघतात. ‘त्याने आंबा खाल्ला, त्याने पोळी खाल्ली, त्याने केळं खाल्लं.’ इथे बदलली एकच गोष्ट, खायची वस्तू, आणि क्रियापद हललं. आता वस्तू तीच ठेवून ‘त्याने’च्या जागी ‘तिने’ घाला. क्रियापद जागचं हलत नाही. म्हणजे इथे क्रियापद खाणाऱ्याचं ऐकत नाही. कर्मणी प्रयोगाची व्याख्या पाठ न करता पोरं इथवर येतात. मग मी विचारते, खाल्लेल्या गोष्टीऐवजी ‘ला’ लागलेलं माणूस आलं तर काय होईल? आधी वहीत अंदाज लिहा. ‘त्याने मुलीला मारलं, त्याने मुलाला मारलं.’ क्रियापदाने हात झटकले, नपुंसकलिंगात जाऊन बसलं.

आणि इथे आमच्या गावाची गंमत सुरू होते. बडोद्याच्या घरांतून ‘त्याने मुलीला मारली’ असंही कानावर येतं. पुण्याचे पाहुणे हसतात. माझा संशय गुजरातीवर. गुजरातीत ‘तेणे छोकरीने मारी’ हेच शुद्ध, कर्माला ‘ने’ लागला तरी क्रियापद त्याचंच ऐकतं. पण संशय म्हणजे पुरावा नव्हे. पुण्याच्या मराठीशी तुलना करून भागत नाही, कारण पुणं आणि बडोदा यांच्यात गुजराती सोडून इतर शंभर फरक आहेत. तुलना करायला हवी इंदूरच्या किंवा ग्वाल्हेरच्या मराठी घरांशी. तेही आपल्यासारखेच पिढ्यान्पिढ्या महाराष्ट्राबाहेर, पण शेजार हिंदीचा, आणि हिंदीत ‘उसने लड़की को मारा’. मुलगी असो की मुलगा, ‘मारा’च. तिकडच्या मराठीत ‘मुलीला मारली’ आढळलं नाही तर माझा संशय बळावेल. सर्रास आढळलं तर मला तो सोडावा लागेल. बारावीच्या एका मुलीने यासाठी इंदूरच्या मावशीकडे फोनवर गप्पांचं सत्र लावलंय, वाक्यं मुद्दाम विचारायची नाहीत या अटीवर. मुद्दाम विचारलं की माणूस शाळेतलं मराठी बोलतो.

गणिताबद्दल फार लिहीत नाही, एकच. जाताना ताशी ४० किलोमीटर, येताना ६०, सरासरी किती? ‘५०’ असं दणदणीत उत्तर येतं. त्यावर सूत्र फेकण्याऐवजी टोकाला जाऊन बघायला सांगते. येताना डोळ्याची पापणी लवायच्या आत परत आलात तर सरासरी किती? वेळ तर जाण्यातच गेला, अंतर दुप्पट झालं, म्हणजे ८०. त्याच्या वर काही केल्या जाणार नाही. मग ४० आणि एक लाख यांची साधी सरासरी काढून बघा म्हटलं की चेहरे बदलतात. ४८ हे उत्तर नंतर त्यांचं तेच काढतात.

इतिहासात तर आपल्याकडे घरचं उदाहरण पडलंय. सयाजीराव महाराजांनी सक्तीचं प्राथमिक शिक्षण १८९३ मध्ये आधी अमरेली तालुक्यात करून पाहिलं आणि १९०६ मध्ये सगळ्या संस्थानाला लावलं. मुलं हे ‘सयाजीरावांची कार्ये’ म्हणून पाच मार्कांसाठी पाठ करतात. मी विचारते, अमरेलीत शाळेतली मुलं वाढली असं समजा, तर ती कायद्यामुळेच वाढली हे कशावरून? शेजारच्या, कायदा न लागलेल्या तालुक्यात त्याच वर्षांत काय झालं? पटावरची संख्या मोजायची की रोज येणारी? या प्रश्नांना मार्क नसतात, म्हणून पालक थोडे अस्वस्थ होतात.

पालकांवरून आठवलं. ‘मोठ्याने वाच, पाच वेळा वाच’ हा घरोघरचा उपाय. रोडिगर आणि कार्पिके या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी मिटून आठवेल ते लिहिलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर पुन्हा वाचणारे पुढे. आठवड्याने घेतली तर आठवून लिहिणारे पुढे. कधी मोजायचं हासुद्धा आखणीचाच भाग, तो चुकला की उलटं उत्तर मिळतं आणि तेच खरं वाटतं. रात्री वाचून लगेच ‘येतंय की’ म्हणणारं प्रत्येक पोर हीच फसगत करून घेत असतं. माझं ऐकू नका, घरी करून बघा. इतिहासाचे सारख्या लांबीचे धडे घ्या, कुठला वाचायचा आणि कुठला मिटून लिहायचा ते नाणं उडवून ठरवा, प्रश्न आईने काढावेत, आणि आठवड्याने विचारावेत. कुठला धडा कसा केला हे आईला सांगायचं नाही. हान्स घोडा आठवा.

मोबाइलवर फोटो काढला की गणित सुटून येतं, मग एवढा खटाटोप कशाला, असं एका गृहस्थांनी विचारलं. सुटू दे की. आलेलं उत्तर बरोबर आहे हे कसं तपासणार, एवढंच त्यांच्या चिरंजीवांना विचारा.

आता कामाचं. मुंबईकरांनो, मदत हवी आहे. बडोदा आणि मुंबई जवळपास एकाच रेखावृत्तावर आहेत, आणि अक्षांशात फरक सव्वातीन अंशांचा. २२ डिसेंबरला मध्यान्ही एक मीटर काठीची सावली इथे सुमारे १०२ ते १०३ सेंमी पडायला हवी, तुमच्याकडे ९२ च्या आसपास. या अकरा सेंटीमीटरांतून सूर्याच्या कोनातला फरक, आणि तो कोन व दोन गावांमधलं अंतर यांवरून मुलांना पृथ्वीचा परीघ काढायचा आहे. काठी ओळंब्याने उभी करा, जमीन पाणसळीने तपासा. काठीच्या टोकाला बारीक भोक पाडलेला पुठ्ठा लावा, कारण सूर्य अर्ध्या अंशाचा असल्याने सावलीची कड पुसट येते, भोकातून पडलेल्या ठिपक्याचा मध्य धरता येतो. भोक जमिनीपासून बरोबर एक मीटरवर असू द्या आणि अंतर मोजा ते भोकाच्या बरोबर खालच्या बिंदूपासून. मध्यान्ह म्हणजे घड्याळाचे बारा नव्हेत. आपल्याकडे ती साडेबारानंतर पाचेक मिनिटांनी येते, तेव्हा सव्वाबारापासून दर पाच मिनिटांनी मोजत राहा आणि सगळ्यात लहान आकडा घ्या. एका सेंटीमीटरची चूक झाली तर परीघ साडेतीन हजार किलोमीटरने हलतो, हे लक्षात असू द्या. अंतरासाठी रेल्वेचे ३९० किलोमीटर धरू नका, रूळ सरळ जात नाहीत, नकाशावरचे सरळ दक्षिणोत्तर ३६० च्या आतबाहेर येतात. आणि एक विनंती, तुमचा आकडा थेट मला पाठवा, मुलांना आधी सांगू नका. त्यांना टॅली करायची सवय आहे.