हलवा एका दुपारी होत नाही

संक्रांतीच्या आठवणी सांगताना एका आजींनी लिहिलंय की नव्या सुनेच्या पहिल्या संक्रांतीचे हलव्याचे दागिने ‘एका दुपारी हसतखेळत’ व्हायचे. दागिने गुंफून होतही असतील, पण हलवा? माझी आजी मंद शेगडीवर परात ठेवून तिळांवर चमचा चमचा पाक सोडायची आणि बोटांनी सतत हलवत राहायची. चार-पाच दिवस हेच. दाण्यांवर पाकाचा टोकदार काटा यायला कोरडी थंडी लागते. आभाळ आलं की दाणे गुळगुळीतच राहायचे आणि ती हिरमुसायची.

माझ्या काळ्या चंद्रकळेवर त्याच हलव्याचे तन्मणी, बाजूबंद चढवून सगळ्यांनी फोटो काढले. बोटं भाजून घेणारी ती मात्र एकाही फोटोत नाही, याचं मला आजही वाईट वाटतं. तुमच्याकडे हलवा कोण करायचं, तेही लिहा ना आजी.