डांबरगोळ्यांचा वसंत

होळी झाली की लोकरीचे कपडे उन्हात घालायचे, घड्या करून डांबरगोळ्यांसकट पेटीत टाकायचे आणि थेट दिवाळीनंतर काढायचे, हे आमच्या साताऱ्याच्या घरात पंचांगाइतकं पक्कं होतं. लग्न करून अमेरिकेत डेन्व्हरला आले आणि पंचांगच गुंडाळून ठेवावं लागलं. इथं मार्च ते मे आमचे स्वेटर पेटीतून कपाटात आणि कपाटातून पेटीत येरझाऱ्या घालतात. एप्रिलभर ऑफिसात माझ्या आधी डांबराचा वास पोचतो.

सगळा खेळ डोंगरांचा. शहर रॉकी पर्वताच्या पायथ्याशी, पण तो पायथाच ५,२८० फुटांवर. आपलं महाबळेश्वरसुद्धा त्याच्याहून खाली. पश्चिमेचा वारा डोंगर ओलांडून उतरला की उतरता उतरता तापतो, कोरडा होतो. याला चिनूक म्हणतात. तो सुटला की भर मार्चात माणसं अर्ध्या चड्डीत आइस्क्रीम खात हिंडतात. मग वारा फिरतो. पूर्वेकडून मेक्सिकोच्या आखाताची ओल घेऊन तो डोंगर चढायला लागतो आणि दमछाक होऊन सगळा माल आमच्या अंगणात टाकतो. डोंगराच्या एका अंगाला धो धो आणि दुसऱ्या अंगाला कोरडं, हे महाबळेश्वर-वाईवाल्यांना मी काय सांगणार! पण तिथं वाई निदान रोज वाईच राहते. इथं एकच गाव सोमवारी वाई आणि मंगळवारी महाबळेश्वर.

सरासरीनं इथं सगळ्यात जास्त बर्फ पडतो तो जानेवारीत नव्हे, मार्चात. २००३च्या मार्चात एकाच वादळात जवळजवळ ३२ इंच पडला होता. जुनी माणसं त्याच्याबद्दल आपल्याकडे पानशेतच्या पुराबद्दल बोलतात तशी बोलतात. या दिवसांतला बर्फ ओला आणि जड. फावडं उचललं की कमरेतून हजेरी लागते. नवऱ्याचं तत्त्वज्ञान असं, की दुपारी ऊन पडेल, आपोआप वितळेल, आपण कशाला मध्ये पडा? गंमत म्हणजे बहुतेक वेळा वितळतोही. पण बर्फ थांबल्यापासून चोवीस तासांत घरासमोरचा फुटपाथ साफ करायचा, हा इथला नियम. त्यामुळे नवरा कॉफी घेऊन खिडकीत बसतो आणि मी फावडं घेऊन बाहेर. ऊन असताना पाऊस आला की कोल्ह्याचं लग्न म्हणायचो. इथं उन्हातच बर्फ भुरभुरतो, आणि वऱ्हाडाला कोल्ह्याचे इथले भाऊबंद, कोयोटही, गावातच आहेत.

खरी परीक्षा चैत्रातल्या हळदीकुंकवाची. कैऱ्या इंडियन स्टोअरमधून आणलेल्या, आंब्याची डाळ वाटून तयार, मागच्या डेकवर सतरंजी घालून बसायचं असा बेत. सकाळी हवा अशी, की पंखा लावावा. चारला ढग आले, पाचला पांढरं. बायका आल्या त्या पैठणीवर टोपीवाला जाड पार्का घालून. दारात बर्फातल्या बुटांची रांग आणि त्यातून आत येणारे जरीचे काठ घोट्यापर्यंत चिंब. मोगऱ्याच्या गजऱ्याऐवजी केसांत बर्फ. पन्ह्याचा जग गार व्हायला डेकवर ठेवला होता. तो आत आणला तर वर जाड पापुद्रा. उलथन्यानं फोडून वाटलं. एक मैत्रीण हळूच म्हणाली, "अगं, जरा गरम करून मिळेल का?" दिलं. गरम पन्हं वाईट लागत नाही, आलं थोडं जास्त घालावं.

तेवढ्यात साताऱ्याहून आईचा व्हिडिओ कॉल. तिच्याकडे पहाटेच पंखा फुल्ल. "चैत्रगौरीला वारा घालतेस ना गं?" म्हटलं, आई, गौरीला शाल पांघरलीय.

मे महिन्याबद्दल बोलायचं तर गारांचा विषय मी टाळते. गाडीच्या टपावर खळगे आहेत, तेवढं पुरे. टोमॅटोचं मात्र सांगते. शेजारच्या आजोबांनी बजावलं होतं, मदर्स डेच्या आधी रोपं लावू नका. मदर्स डे मेच्या दुसऱ्या रविवारी. आम्ही २०२२ साली तो मुहूर्त काटेकोर पाळला. टोमॅटो, मिरच्या, कडेला दोन झेंडू. १९ मेला पारा तिशीच्या पार गेला, स्वेटर पेटीत गेले, डांबरगोळ्या नव्या घातल्या. २० तारखेला संध्याकाळपासून बर्फ. झाडांना पानं फुटलेली, त्यांवर ओझं बसून रात्रभर फांद्या काडकाड मोडत होत्या. आम्ही दोघं टॉर्च घेऊन वाफ्यावर बादल्या, कुकरचा मोठा डबा, जुन्या चादरी, शेवटी माझा नेसायचा परकर पांघरत होतो.

कुंपणापलीकडे आजोबाही तेच करत होते. मी म्हटलं, "आजोबा, तुम्ही मदर्स डे म्हणाला होतात!"

"म्हणालो होतो," आपल्या मिरच्यांवर घमेलं पालथं घालत ते म्हणाले, "पण कुठल्या वर्षीचा ते नव्हतं सांगितलं."